भर उन्हात फोटोंचा सुकाळ

मे महिन्यात जंगलात जाऊन काय मिळणार, सगळं तर वाळून गेलेलं असतं, असं कुणी म्हणालं तर त्याला सरळ ताडोब्याच्या एखाद्या पाणवठ्यावर नेऊन बसवावं. पानगळ होऊन रान उघडं पडलेलं, गवत बसलेलं, झुडपांमागे दडायला जागा नाही. पावसाळ्यानंतर जागोजाग साचलेली डबकी आटून गेल्यामुळे अख्ख्या टापूतली जनावरं मोजक्या पाण्यांवर येऊ लागतात. हौशी फोटोग्राफरने जनावर शोधत हिंडायचं नाही, पाणी शोधायचं आणि बसून राहायचं. ताडोबा हे महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं राष्ट्रीय उद्यान, 1955 सालचं. पावसाळ्यात त्याचा गाभ्याचा भाग पर्यटकांना बंद असतो, त्यामुळे एप्रिल-मे म्हणजे इथला ऐन हंगाम.

तर कॅमेरा असो की नुसता मोबाइल, उन्हाळी भटकंतीला निघण्याआधी या काही गमती माहीत असल्या की फोटोही सुधारतात आणि बघण्यातली मजाही दुपटीने वाढते.

वाघोबा मागच्या पायाने

पाण्यात उतरताना वाघ बरेचदा पाठमोरा होतो आणि आधी मागचे पाय, मग बूड पाण्यात टेकवतो. डोळ्यांत पाणी उडू नये म्हणून तो असं करतो, असं सांगतात. फोटोग्राफरच्या दृष्टीने ही फार सोयीची सवय आहे. तो पाण्यात बसला की तोंड काठाकडे, म्हणजे बहुधा तुमच्याकडेच असतं. तेव्हा वाघ पाण्याकडे पाठ करून उभा राहिला तर ‘गेला बुवा’ म्हणून कॅमेरा खाली ठेवू नका. खरा फोटो पुढच्या मिनिटात आहे.

पाठमोऱ्या वाघाच्या फोटोतही बघण्यासारखं असतं. त्याच्या काळ्या कानांच्या मागे एकेक ठसठशीत पांढरा ठिपका असतो. आईच्या मागून चालणाऱ्या पिल्लांना गवतात तो खुणेसारखा उपयोगी पडत असावा, असा एक अंदाज आहे. अंगावरचे पट्टे तर प्रत्येक वाघाचे वेगळे, आणि त्यातही डाव्या कुशीचे वेगळे, उजव्या कुशीचे वेगळे. म्हणूनच गणनेसाठी वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात.

वाघ दिसला नाही म्हणून तोंड पाडून परतणाऱ्यांसाठी एक आकडा सांगतो. 2018-19 च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत 26,838 ठिकाणी आपोआप फोटो काढणारे कॅमेरे बसवले होते. एकूण फोटो निघाले सुमारे 3 कोटी 48 लाख. त्यात वाघाचे फोटो 76,651. म्हणजे जंगलात रात्रंदिवस डोळे उघडे ठेवून बसलेल्या यंत्रांनाही साडेचारशेच्या आसपास फोटोंमागे एकदा वाघ दिसला. या गणनेची गिनेस बुकात नोंद आहे.

आणि आपोआप फोटो काढण्याची ही युक्ती नवी नाही. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाचे इंग्रज वनाधिकारी 1920 च्या दशकात शिवालिकच्या पायथ्याशी, आजच्या उत्तराखंडात, वाघाच्या वाटेवर तार ताणून ठेवत. वाघाचा पाय तारेला लागला की झगझगीत उजेड पडे आणि वाघ स्वतःचा फोटो स्वतःच काढून जाई. त्यांचं पुस्तक 1927 साली प्रसिद्ध झालं. ज्या काळात साहेब लोक मेलेल्या वाघावर पाय ठेवून फोटो काढून घेत होते, त्या काळात या माणसाने बंदूक बाजूला ठेवून जिवंत वाघ टिपला. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

कान उघडे ठेवा

सफारीत गाइड एकदम हात वर करून जिप्सी थांबवतो आणि कुजबुजतो, ‘कॉल चालू आहे.’ चितळाची किंचाळी, वानराची खाकर, सांबराचा दणदणीत आवाज, हे सगळे धोक्याचे इशारे. चितळं उगाचच दचकतात, पण सांबर ओरडलं की जुने गाइड लगेच कान टवकारतात. वानराचा इशारा वेगळ्या कारणाने मोलाचा. ते झाडाच्या शेंड्यावर बसलेलं असतं आणि ओरडताना धोक्याकडेच बघत असतं. त्याच्या नजरेच्या दिशेला लेन्स वळवली की निम्मं काम झालं.

सावली गायब होते तो दिवस

दुपारी बाराचे फोटो चपटे, कडक आणि निर्जीव का येतात? सूर्य डोक्यावर असतो म्हणून. महाराष्ट्रात मे महिन्यात तर तो अक्षरशः डोक्यावर येतो. सिंधुदुर्गात मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्यात 13-14 मेच्या सुमारास, मुंबईत 15-16 च्या आसपास आणि नागपुरात 26 मेच्या आगेमागे भर दुपारी काही क्षण उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. हा शून्य सावलीचा दिवस पावसाळ्यातही पुन्हा येतो, पण तेव्हा ढगांमुळे तो बहुधा हुकतो. मेमध्ये उभ्या बाटलीचा, खांबाचा, अंगणातल्या पोरांचा शून्य सावलीतला फोटो जरूर काढावा. मात्र चितळाचा त्या वेळी काढू नये. त्याच्या डोळ्यांवर कपाळाची सावली पडते आणि डोळे न दिसणारा प्राण्याचा फोटो फुकट जातो.

दुपारचा दुसरा शत्रू म्हणजे हवा. तापलेल्या जमिनीवरून गरम हवेच्या लाटा उठतात, मृगजळ दिसतं ते त्यांच्यामुळेच. लांबच्या नीलगाईवर मोठी झूम लेन्स लावली तर या लाटांमधून वाकडातिकडा होऊन आलेला प्रकाश कॅमेऱ्यात शिरतो. चित्र थरथरीत येतं. लोक लेन्सला दोष देतात, दुरुस्तीला टाकतात, महागडी नवी घेतात. लेन्स बिचारी धडधाकट असते. उपाय एकच: सकाळी लवकर या आणि अंतर कमी असेल तिथेच फोटो काढा.

सामानाचं म्हणाल तर थोडक्यात: जंगलाच्या धुळीत लेन्स बदलू नका, कॅमेऱ्यावर ओला पंचा घट्ट पिळून टाका, आणि जिप्सीच्या दांडीवर लेन्स टेकवायला कापडी पिशवी रिकामीच न्या. तिथे गेल्यावर ती तांदळाने भरता येते.

उन्हावर मात करणारे

उन्हाळ्यातले सगळ्यात देखणे फोटो मला वाटतं वाघाचे नसतातच. उकाड्याशी झुंजणाऱ्या साध्यासुध्या जीवांचे असतात, आणि त्यासाठी सफारीचं बुकिंगही लागत नाही.

टिटवी घ्या. उघड्या माळावर, खड्यांमध्ये, खड्यांसारखीच दिसणारी अंडी घालते. मेच्या दुपारी त्या दगडांवर हात ठेववत नाही. मग टिटवी काय करते? पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते, परत येते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते. नर-मादी दोघंही हे काम करतात. पाण्याच्या काठी बसकण मारून पोट ओलं करणारी टिटवी दिसली तर तो फोटो घ्याच. ती उडून कुठे जाते हे बघायला मात्र तिच्या मागे जाऊ नका.

पखुर्डीने याहून कमाल केली आहे. कबुतराएवढा, मातीच्या रंगाचा हा माळरानाचा पक्षी. याची पिल्लं कोरड्या रानात, पाण्यापासून कोसभर लांब. नर सकाळी पाण्यावर येतो, पोटापर्यंत पाण्यात उभा राहतो आणि खास बनावटीच्या पिसांत पाणी शोषून घेऊन उडतो. पिल्लं त्याच्या पिसांतून चोच ओढून पाणी पितात. मीड-वाल्डो नावाच्या इंग्रज पक्षिपालकाने 1896 साली हे लिहिलं तेव्हा पुष्कळांनी त्याला वेड्यात काढलं. 1967 मध्ये केड आणि मॅक्लीन या शास्त्रज्ञांनी आफ्रिकेतल्या कलाहारीत अभ्यास करून ते खरं असल्याचं दाखवलं. पखुर्ड्या रोज ठरावीक वेळी पाण्यावर येतात. सोलापूर, इंदापूर, सासवडच्या माळांवरच्या एखाद्या तळ्याशी सकाळी आधीच जाऊन बसलं तर थवा समोर उतरतो.

करकोच्यांचा उपाय ऐकून नाक मुरडू नका. ते स्वतःच्या पायांवर पातळ विष्ठा सोडतात. ती सुकताना पाय थंड होतात आणि त्या पायांतून फिरणारं रक्तही. उन्हाळ्यात चित्रबलाकाच्या फोटोत पाय चुना फासल्यासारखे पांढरे दिसले तर समजा, वातानुकूलन चालू आहे. इंदापूरला तर त्यासाठी रानातही जायला नको, तहसील कचेरीच्या आवारातल्या चिंचांवर त्यांची वसाहत असते.

आणि वटवाघळं! दिवसा ती झोपतात असं आपण धरून चालतो. कडक उन्हाळ्यात गावाबाहेरच्या वडाखाली दुपारी उभं राहून वर बघा. अर्धी वसाहत जागी असते आणि उलटं लटकून पंखांनी स्वतःला वारा घालत असते. मागून सूर्य आला तर पंखाच्या पातळ कातड्यातून शिरा आणि बोटांची हाडं लख्ख दिसतात. साध्या कॅमेऱ्यात मिळणारा, पण क्वचितच कुणी काढलेला फोटो.

कायद्याच्या भाषेत ‘शिकार’

उन्हाळा पुष्कळ पक्ष्यांच्या विणीचा काळ. घरट्याजवळ पक्षी हमखास येतो, म्हणून फोटो सोपा. पण पानं बाजूला केली की कावळ्याला वाट दिसते, आणि माणूस जवळ बसून राहिला की आई परतत नाही. उन्हात उघडी पडलेली अंडी किंवा पिल्लं फार वेळ तग धरत नाहीत. आपल्या 1972 सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणंही धरलं आहे. हातात बंदूक नसली तरी फोटोसाठी घरट्याची फांदी वाकवणारा या व्याख्येत बसू शकतो. घरट्यांचे फोटो काढूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

गंमत म्हणजे पक्ष्यांच्या फोटोग्राफीची सुरुवातच घरट्यापासून झाली. यॉर्कशरच्या रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी 1892 साली अंड्यांसकट घरट्याचा फोटो काढला आणि पुढे सगळं आयुष्य यातच घातलं. पक्षी बुजू नयेत म्हणून त्यांनी बैलाचं कातडं सांगाड्यावर चढवून पोकळ बैल तयार केला. आत माणूस उभा आणि कातड्यातल्या भोकातून कॅमेरा बाहेर! एकदा तो बैल आतल्या रिचर्डसकट उलटा झाला होता. आजची आपली जिप्सी म्हणजे कीर्टनबंधूंचा बैलच. जनावरं गाडीला सरावलेली असतात, तिच्यात बसलेल्या माणसांचे वेगळे आकार त्यांना खटकत नाहीत. कुणी उभं राहून गाडीबाहेर हात काढला की मात्र सारं बिनसतं.

पवनचक्क्यांखालचे धीट सरडे

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर एप्रिल-मेमध्ये एक बोटभर सरडा दगडावर चढून गळ्याखालचा पंखा उघडतो. निळा, काळा, केशरी असा भडक रंगांचा पंखा मादीला दाखवण्यासाठी आणि दुसऱ्या नराला हटकण्यासाठी. याची स्वतंत्र जात म्हणून नोंद 2016 मध्ये झाली. पुढे बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी 2018 साली इथलीच आणखी एक गोष्ट मांडली. पवनचक्क्या उभ्या राहिल्यावर तिथे शिकारी पक्षी खूप कमी झाले, त्यामुळे सरड्यांची संख्या वाढली. ते निवांतही झाले, माणूस बराच जवळ आला तरी पळत नाहीत. पण दाटीत खाणं कमी पडल्याने नरांच्या पंख्याचे रंग मात्र फिके पडले. पवनचक्क्यांखाली सरड्याचा जवळून फोटो मिळाला, तर त्यात ही सगळी उलथापालथही आलेली असते.

पठारापर्यंत जाणं जमत नसेल तर कुंपणावरचा नेहमीचा सरडा बघा. विणीच्या दिवसांत नराचं डोकं लालबुंद होतं आणि तो दंड काढत असतो. आजोळी गेलेल्या मुलांसाठी जुन्या घराच्या पडवीतली बारीक माती हेही छान मैदान आहे. तिथे नरसाळ्यासारखे छोटे खड्डे असतात, तळाशी एक अळी जबडा उघडून मुंगी घसरण्याची वाट बघत असते. मोबाइलची साधी मॅक्रो लेन्स पुरते.

रंगांची चोरी आणि करामत

ठाण्याच्या खाडीतले रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, जन्मतः राखाडी असतात. गुलाबी रंग त्यांच्या खाण्यातून, पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळातून आणि बारीक कोळंबीसारख्या जीवांतून येतो. इथलं रोहित अभयारण्य 2015 मध्ये जाहीर झालं आणि 2022 मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. मेच्या अखेरपर्यंत बरेच थवे खाडीत असतात. भरती बघून जा. ओहोटीला ते चिखलावर लांब पांगतात, पाणी चढू लागलं की काठाकडे सरकतात.

मोराचा निळा याच्या अगदी उलट. त्या पिसांत निळं रंगद्रव्यच नाही, आहे ते गडद तपकिरी. पिसांच्या बारीक रचनेवरून प्रकाश परतताना निळा-हिरवा दिसतो. म्हणून एक पाऊल बाजूला सरकलं की त्याच मोराच्या फोटोत रंग बदलतो. पिसारा पूर्ण भरलेला असतो तोही याच दिवसांत. पावसाळा संपता संपता तो गळून जातो.

फुलपाखरं ओल्या मातीवर घोळक्याने बसलेली दिसली तर पोटावर झोपून फोटो काढायला हरकत नाही, ती सहजी उठत नाहीत. तो घोळका बहुतेक नरांचा असतो. ते मातीतले क्षार शोषतात आणि मिलनाच्या वेळी मादीला देतात. त्यात काळ्या मखमलीवर निळे पट्टे असलेलं मोठं फुलपाखरू असेल तर ते ब्लू मॉर्मन. 2015 मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखरू केलं. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य.

झाडांचं सांगायचं तर बहावा, ताम्हण, गुलमोहर सगळ्यांना ठाऊक. मी कांडोळाची शिफारस करीन. उन्हाळ्यात पानं झडून गेलेलं, पांढऱ्याफटक खोडाचं हे झाड चांदण्यात असं उजळतं की पौर्णिमेला ट्रायपॉडवर दहा-पंधरा सेकंदांचा फोटो पुरे होतो.

उजेड बंद!

दोन ठिकाणी फ्लॅश म्हणजे नुसतं नुकसान. पहिलं वेळास. रत्नागिरी जिल्ह्यातल्या या गावात 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांसह ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचं रक्षण सुरू केलं. पिल्लं समुद्राकडे जातात ती क्षितिजावरच्या उजेडाच्या अंदाजाने, त्यामुळे टॉर्च, फ्लॅश त्यांची दिशा चुकवतात. पिल्लू नर की मादी हे वाळूची उष्णता ठरवते: गरम वाळूत माद्या जास्त, थंड वाळूत नर जास्त.

दुसरं ठिकाण काजव्यांचं. मेच्या शेवटी, जोराचा पाऊस सुरू होण्याआधी, भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागात झाडंच्या झाडं लुकलुकतात. उडता उजेड नराचा. मादी बहुधा खाली झुडपात बसून उत्तर देते. गाडीचे दिवे त्यांच्या मधे आले की हा संवाद तुटतो. आणि हो, सोन्याचा पाऊस पडल्यासारखे जे फोटो आपण बघतो, ते एका क्षणाचे नसतात. तीस-तीस सेकंदांचे कित्येक फोटो एकावर एक रचलेले असतात. मोबाइलमध्ये तसं आलं नाही म्हणून हिरमुसू नका. काजवे पाहून झाले की त्याच अंधारात दक्षिणेकडे कॅमेरा वळवा: अमावास्येच्या आगेमागे, मध्यरात्रीनंतर आकाशगंगेचा सगळ्यात दाट भाग तिथे असतो. तारे रेघा न होता टिपायचे तर 500 ला लेन्सच्या मिलिमीटरने भागा, तेवढे सेकंद. वीस मिलिमीटरला पंचवीस.

घरापासून हाकेच्या अंतरावर

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची वन्यजीव छायाचित्र स्पर्धा 1965 मध्ये सुरू झाली, 2025 मध्ये तिला 60 हजारांहून जास्त फोटो आले. 2016 मध्ये तिच्या शहरी विभागात जिंकलेला फोटो कुठला? मुंबईच्या आरे कॉलनीतला. नयन खानोलकर यांनी वस्तीतल्या वाटेवर कॅमेरा लावून ठेवला आणि रात्री तिथून बिबट्या चालत गेला. 2021 मध्ये बालगटाचं सर्वोच्च पारितोषिक दहा वर्षांच्या विद्युन हेब्बर या बंगळूरच्या मुलाला मिळालं. विषय, भिंतीच्या खाचेतलं कोळ्याचं जाळं. मागून रिक्षा गेली तेव्हा तिचे रंग जाळ्यामागे पसरले आणि त्याने बटण दाबलं.

घराजवळच्या फोटोंना आणखी एक मोल आहे. दरवर्षी एप्रिलच्या शेवटी जगभरातल्या शहरांमध्ये सिटी नेचर चॅलेंज होतं. 2016 मध्ये ते लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को या दोनच शहरांत सुरू झालं, आता त्यात भारतातली शहरंही असतात. आपल्या आवारातल्या कुठल्याही रानटी जीवाचा फोटो, जागा आणि तारखेसह आयनॅचरलिस्ट या ॲपवर टाकायचा, जाणकार त्याची ओळख पटवतात आणि ती नोंद अभ्यासकांच्या उपयोगी पडते. तिथे फोटो देखणा असायची अट नाही. थोडा अंधूक, शेपटी कापलेला, पाठमोरा चालतो, जात ओळखता आली की पुरे.